नदीपलीकडचे आप्त

प्रवासाहून परतल्यावर मुलांना विचारावे, "काय काय पाहिले?" तर ती किल्ले, धबधबे, बाजार आणि खाण्याचे पदार्थ यांची नावे भराभर सांगतात. पुलाचे नाव सहसा कोणी घेत नाही. पूल ही ओलांडण्याची वस्तू, पाहण्याची नव्हे, अशी आपली समजूत असते. आमच्या घरी मात्र पुष्कळ वर्षांपासून उलटा प्रघात पडला आहे. आम्ही जेथे जेथे गेलो तेथील पूल आमच्या लक्षात राहिले. आणि याला कारण झाले ते आमचे आदिलाबादकडील जाणे-येणे.

आमची धाकटी मावशी लग्न होऊन आदिलाबाद जिल्ह्यातील एका लहानशा खेड्यात गेली. आमचे घर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूस. मध्ये पैनगंगा. अंतर तसे फार नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला मावशीकडे पोहोचतो. परंतु पावसाळ्याच्या दिवसांत तिच्याकडून निरोप आला, की आमची आई प्रथम प्रकृतीची चौकशी करीत नसे. ती विचारी, "पाणी किती आहे?"

पैनगंगेचा पूल

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीला मिळते. पुढे वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन त्यांची प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीच्या कुशीत शिरते. आपल्या मार्गात ही पैनगंगा बरेच अंतर सीमारेषेचे काम करते. एके काळी तिच्या उत्तर तीरावर इंग्रजांच्या कारभाराखालील वऱ्हाड होते आणि दक्षिण तीरावर निजामाचे राज्य. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे मराठी भाग मुंबई राज्यात आले, आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. 1960 साली नदीच्या उत्तरेकडील राज्याचे नाव महाराष्ट्र झाले. 2014 साली दक्षिणेकडे तेलंगण राज्य निर्माण झाले. 2016 साली जुन्या विस्तीर्ण आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे करण्यात आले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद.

इतक्या वेळा पाट्या बदलल्या, तरी सोयरीक बदलली नाही. आजही आदिलाबादच्या बाजारात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी या चारही भाषा कानांवर पडतात. पुष्कळ घरांत सून एका तीरावरची आणि सासू दुसऱ्या तीरावरची असते. मावशीकडची मुले ओढ्याला "वागू" म्हणतात आणि पुलाला "वंतेन"; आमची मुले त्यांना हसतात, आणि मग तीही आमच्या मुलांच्या वऱ्हाडी बोलीला हसून उट्टे काढतात.

नागपूरहून हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच नदीवरून पलीकडे जातो. पूर्वी त्याचा क्रमांक 7 होता, आता 44 आहे. पुलावर गाडी चढली, की आमची मुले पुलाचे गाळे मोजू लागतात. चाके प्रत्येक सांध्यावरून जाताना खट् असा आवाज होतो. त्या आवाजावरून ती मोजणी चालते. उन्हाळ्यात पुलाचा पृष्ठभाग तापून प्रसरण पावतो आणि थंडीत आखडतो. त्याला हालचाल करण्यास जागा मिळावी म्हणून मध्ये मध्ये ही फट मुद्दाम ठेवलेली असते. मुलाची मोजणी आणि मुलीची मोजणी आजवर एकदाही जुळलेली नाही, आणि त्यावरून होणारे भांडण मावशीचे दार येईपर्यंत टिकते.

उन्हाळ्यात या पुलावरून खाली पाहावे, तर वाळूचे विस्तीर्ण पट्टे दिसतात आणि त्यांच्यामधून पाण्याची एखादी बारीक धार. एवढ्याशा पाण्यासाठी एवढा मोठा पूल कशाला, असे आमच्या मुलाने एकदा विचारले होते. त्याचे उत्तर त्याला आषाढात मिळाले.

ओढ्यावरची फरशी

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. मावशीच्या नातवाचा बाप्तिस्मा ठरला होता. बाळाची धर्ममाता आमची पत्नी. आम्ही सकाळीच निघालो. तेथील धर्मग्रामातले फादर आदिलाबादेत आमच्या गाडीत बसले. आदिलाबादचा धर्मप्रांत 1999 साली चांदा धर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला. त्यातील गावे दूरदूर विखुरलेली आहेत, आणि पावसाळ्यात एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना फादरांना किती ओढे ओलांडावे लागतात, याची कथा ते आम्हाला हसत हसत सांगत होते. पैनगंगा आम्ही सुखरूप ओलांडली होती. तिचे पाणी दुथडी गढूळ वाहत होते. परंतु पूल उंच, त्यामुळे आम्ही खिडकीतून ते केवळ शोभा म्हणून पाहिले.

महामार्ग सोडून आत वळल्यावर मावशीच्या गावापूर्वी एक ओढा लागतो. उन्हाळ्यात त्यात कोंबडीचे पिल्लूही बुडणार नाही. त्याच्यावर तेव्हा फरशी पूल होता. म्हणजे खाली सिमेंटचे नळ, वर सपाट काँक्रीट, आणि कठडा नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा ती फरशी दिसतच नव्हती. तपकिरी पाणी तिच्यावरून घुसळत चालले होते. पाण्यातून झुडपे, फांद्या आणि एक तुटलेले फाटक वाहत गेलेले आम्ही पाहिले. पलीकडच्या तीरावर मावशी, काका आणि घरची माणसे छत्र्या घेऊन उभी होती. बाळ अर्थात घरी होते. थोडक्यात, बाळ एका तीरावर, आणि फादर व धर्ममाता दुसऱ्या तीरावर, अशी अवस्था झाली.

आमच्या आधी तेथे दहाबारा माणसे थांबलेली होती. आर.टी.सी.च्या बसचा चालक चाकाशी टेकून विडी ओढीत होता. बाजाराला निघालेले दोन गोंड शेतकरी भाजीच्या पाट्या खाली ठेवून बसले होते. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध ओव्हरसियरही होते. आमच्या भाच्याला मात्र धीर नव्हता. तो म्हणाला, "पाणी गुडघ्याएवढेच आहे. गाडी हळू घातली तर पाच मिनिटांत पलीकडे." खरे सांगावयाचे, तर आमच्याही मनात तोच विचार आला होता. घरी स्वयंपाक झाला होता, पाहुणे जमले होते, फादरांना सायंकाळी दुसरीकडे जावयाचे होते.

इतक्यात पलीकडून मावशीने दोन्ही हात वर करून जोराने हलविले. पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते. परंतु अर्थ स्पष्ट होता. येऊ नका.

ओव्हरसियरसाहेब भाच्याजवळ येऊन बसले. त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक घरी सांगण्याजोगे आहे. ते म्हणाले, "पाणी उभे असेल तर गुडघा म्हणजे काहीच नाही. वाहत्या पाण्याचे गणित वेगळे. जोराने वाहणारे अर्धा फूट पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलते. एक फूट पाण्यात लहान मोटार तरंगू लागते. मग तिच्या चाकांचा आणि जमिनीचा संबंध सुटतो, आणि सुकाणू कितीही फिरवा, ती प्रवाहाच्या मर्जीने जाते. दोन फूट पाण्यात मोठ्या गाड्याही टिकत नाहीत. शिवाय वरून पाणी दिसते, खालची फरशी दिसत नाही. ती शाबूत आहे की मधला तुकडा वाहून गेला आहे, हे कोणास ठाऊक?"

भाच्याने विचारले, "मग असे पूल बांधतातच कशाला?"

ते हसले. "पैसा थोडा आणि ओढे फार, म्हणून. हा पूल वर्षातून काही दिवस बुडणार, हे धरूनच बांधलेला असतो. कठडा नाही तोही हलगर्जीपणा नव्हे. भक्कम कठडा घातला तर वाहून येणारी झुडपे त्याला अडकतील, पाण्याचा दाब वाढेल आणि साऱ्या पुलाचीच मोडतोड होईल. खालच्या नळांत फांद्या अडकल्या, की पाणी अधिकच लवकर वर चढते. म्हणून पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांनी ते नळ साफ करावेत. आणि पाणी वर आले, की थांबावे. लहान ओढ्याचा राग लहान मुलासारखा असतो. वरचा पाऊस थांबला, की काही तासांत उतरतो."

थांबलेल्या माणसांमध्ये बोलणे सुरू झाले, की ते एका पुलावरून दुसऱ्या पुलावर जाते. बसच्या चालकाने महाडचे नाव काढले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरील ब्रिटिश काळातील पूल पुरात कोसळला, आणि एस.टी.च्या दोन बसगाड्या व इतर वाहने अंधारात नदीत गेली. चाळीसहून अधिक माणसे गेली. तेथे नवा पूल अवघ्या 165 दिवसांत बांधून जून 2017 मध्ये वाहतुकीस खुला करण्यात आला. चालक म्हणाला, "आम्ही गाडी हाकणारी माणसे. पुढे रस्ता आहे, असे धरूनच आम्ही जातो. त्या चालकांनीही तसेच धरले होते." यावर कोणीच काही बोलले नाही. भाच्याने गाडीची किल्ली फादरांच्या हाती दिली.

आम्ही चार तास थांबलो. पाणी उतरले नाही. वर डोंगरात पाऊस चालूच होता. काळोख पडू लागला तेव्हा आम्ही गाड्या फिरविल्या आणि आदिलाबादेत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी उघडी पडली. दोन्ही बाजूंची माती वाहून गेली होती. गावच्या तरुणांनी दगड आणि मुरूम टाकून वाट केली, आणि बाळाचा बाप्तिस्मा एक दिवस उशिरा, शिळ्या झालेल्या केकसह, आनंदाने पार पडला.

मावशीची हकीकत

त्या रात्री जेवणे झाल्यावर आमचा भाचा मावशीला म्हणाला, "आजी, तू एवढी घाबरलीस! पाणी खरोखर फार नव्हते." तेव्हा मावशीने जी हकीकत सांगितली ती आम्ही कोणीही पूर्वी ऐकलेली नव्हती. आमच्या आईला ती ठाऊक होती. परंतु तिनेही कधी तोंडातून काढली नव्हती.

मावशीचे पहिले बाळंतपण सासरीच व्हावयाचे होते. श्रावणातील एका रात्री तिला कळा सुरू झाल्या आणि सुईणीने सांगितले, की मूल आडवे आहे, दवाखान्यात न्या. काकांनी बैलगाडी जुंपली. ओढ्याशी आले तर पाणी चढलेले. तेव्हा फरशीही नव्हती, नुसता दगडगोट्यांचा उतार होता. काका बैल पाण्यात घालणार, तोच त्यांचे वडील बैलांच्या पुढे जाऊन उभे राहिले. ते म्हणाले, "माझ्या अंगावरून गाडी नेणार असशील तर ने." बापलेकांची तेथेच, त्या पावसात, शब्दाला शब्द लागून वादावादी झाली. गाडी थांबली. पहाटे पाणी उतरले. मावशी वाचली; बाळ वाचले नाही.

"पुष्कळ वर्षे मी मामंजींना क्षमा केली नाही," मावशी म्हणाली. "मी त्यांना वाढीत होते, त्यांचे पाय चेपीत होते, पण मनात म्हणत होते, की तुम्ही आडवे आला नसता तर माझा मुलगा आज असता. मग दुसऱ्याच एका पावसाळ्यात त्याच ठिकाणी एक गाडी पाण्यात शिरली आणि बैलांसकट वाहून गेली. मामंजी तेव्हा अंथरुणावर होते. त्यांना ते सांगितले, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. ते म्हणाले, 'सूनबाई, त्या रात्री मी बरोबर होतो की चूक, हे मला अजून समजलेले नाही.' तेव्हा माझ्या मनातील गाठ सुटली. इतकी वर्षे ते तेच ओझे वाहत होते, हे मला माहीतच नव्हते."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ती भाच्याकडे वळून म्हणाली, "थांबलो तर एक जातो, निघालो तर सारे जातील, असा निवाडा बापाने आपल्या लेकराबद्दल करावा काय? पूल असला म्हणजे तो निवाडा माणसावर येत नाही. मला पुलाचे एवढेच कळते."

सोनचा पूल

बाप्तिस्म्यानंतर पाऊस उघडला आणि आम्ही सर्वजण सहलीस निघालो. आदिलाबाद जिल्ह्यात नेरडीगोंड्याच्या बाजूस कडेम नदीचा कुंतला धबधबा आहे. शेकडो पायऱ्या उतरून खाली जावे लागते, आणि परत चढताना वडीलधाऱ्यांची परीक्षा होते. तेथून महामार्गाने घाट उतरून आम्ही निर्मलला गेलो. निर्मल हे लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. मुलांनी अर्थात तेथे खिसे रिकामे करविले. निर्मलच्या पुढे सोन गावाजवळ गोदावरी आडवी येते.

त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावलेली ती हीच गोदावरी, जी नाशिक, पैठण आणि नांदेड पाहून येथे येते. सोन येथे निजामी राजवटीतील जुना पूल आहे, आणि त्याच्या सोबतीला महामार्गाचा नवा पूल. जवळच वरच्या अंगास पोचमपाडचे श्रीरामसागर धरण आहे. त्याची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते 26 जुलै 1963 रोजी झाली, आणि त्याला 42 दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले, की सोनच्या पुलाखालून जाणारे पाणी पाहून छाती दडपते.

तेथे मुलाने विचारले, "बाबा, वाळूत हे खांब उभे कसे राहतात?" ओव्हरसियरसाहेबांकडून ऐकलेले ज्ञान आम्ही लगेच उपयोगात आणले. वाहते पाणी खांबाला अडते, त्याच्या भोवती भोवरे धरते आणि त्याच्या पायाखालची वाळू खणून नेते. म्हणून आपल्याकडील मोठ्या नद्यांत पुष्कळदा विहिरीसारखा पाया घेतात. विटांचे, दगडाचे अथवा काँक्रीटचे मोठे कडे वाळूवर ठेवून त्याच्या आतील वाळू उपसत जातात. कडे आपल्याच भाराने खाली बसत जाते, वर आणखी बांधकाम चढवितात, आणि अखेर ते घट्ट थरात जाऊन टेकते. मग ती विहीर भरून काढतात आणि तिच्यावर खांब उभारतात. खांबाची प्रवाहाकडील बाजू निमुळती अथवा गोल ठेवतात, म्हणजे पाणी तेथे आपटण्याऐवजी दुभंगून जाते. पुलाचे जे बळ आपल्याला दिसते, त्याहून मोठे बळ वाळूखाली दडलेले असते.

मावशी कठड्याशी उभी होती. ती म्हणाली, "एवढ्या मोठ्या गंगेवर माणसांनी केव्हाच पूल घातला. आमचा ओढा मात्र लहान, म्हणून राहून गेला."

हे तिचे बोलणे आम्ही विसरू शकलो नाही. मोठ्या नदीला सारे जग ओळखते. सिरोंचा आणि कालेश्वरम यांच्यामध्ये गोदावरीवर 2016 साली पूल झाला, तेव्हा त्याची वार्ता सर्वत्र गेली, आणि ते योग्यच होते. कारण तोपर्यंत तेथील लोक होडीवर अवलंबून होते. परंतु खेड्यातील आजारी माणूस दवाखान्यात जातो तो प्रथम आपल्या गावचा ओढा ओलांडून. तेथे वाट अडली, तर पुढचे मोठे पूल त्याच्या काय कामाचे?

एक सूचना येथे सहलीस जाणाऱ्या कुटुंबांना द्यावीशी वाटते. 15 जून 2025 रोजी पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जण मृत्यू पावले आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. तो रविवार होता, आणि माणसे पाणी पाहण्यासाठी पुलावर थांबली होती. जुन्या, अरुंद पुलावर गर्दी दिसली, तर आपण त्या गर्दीत भर घालू नये. पाणी तीरावरूनही तितकेच सुंदर दिसते.

अर्धे मिनिट

दोन वर्षांपूर्वी मावशीच्या ओढ्यावर उंच पूल झाला. त्याला नाव नाही. त्याचे चित्र कोठे छापून आलेले नाही. गाळे इतके थोडे, की मुलांना भांडण्यासही वाव नाही. त्यांची मोजणी येथे प्रथमच जुळली.

त्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही गेलो तेव्हा ओढा पुन्हा तसाच तपकिरी, तसाच घुसळत वाहत होता. गाडी पुलावरून अर्ध्या मिनिटात पार झाली. मुले मागे बसून शेंगा खात होती. कोणी खाली पाहिलेसुद्धा नाही. आम्ही गाडी थांबवून त्यांना उतरविणार होतो आणि चार तासांच्या त्या मुक्कामाची आठवण देणार होतो. मग म्हटले, राहू द्या. ज्या ओढ्याच्या काठी मावशीने एक रात्र काढली, तो मुलांच्या ध्यानीही येऊ नये, यासाठीच तर हा पूल बांधला.

काकांनी आम्हाला नंतर सांगितले, की पूल खुला झाला त्या वर्षी पहिला पूर आला, तेव्हा मावशी छत्री घेऊन एकटीच घरातून निघाली. ती पुलाच्या मध्यापर्यंत चालत गेली, कठड्याला धरून काही वेळ खाली पाण्याकडे पाहत राहिली आणि परत आली. काकांनी विचारले, "कोठे गेली होतीस?"

ती म्हणाली, "पलीकडे जाऊन येता येते का, ते पाहून आले."